बायोगॅसचा तपासणी अहवाल : मिथेनचा आकडा कसा येतो आणि कधी फसवतो

गोबरगॅस निळ्या ज्योतीने जळतो तोवर त्यात मिथेन किती, हे कोणी विचारत नाही. त्यावर इंजिन चालवायचे असेल, शुद्धीकरण संच बसवायचा असेल किंवा गॅस विकायचा असेल, तर मात्र प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. ही तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर होते.

शेणापासून तयार झालेल्या गॅसमध्ये साधारण ५० ते ६५ टक्के मिथेन, ३५ ते ४५ टक्के कार्बन डायऑक्साइड, थोडा हायड्रोजन सल्फाइड आणि भरपूर बाष्प असते. यंत्रात हा नमुना वाहक वायूच्या जोरावर बारीक नळीतून, म्हणजे कॉलममधून जातो. आतल्या भरणीला जो वायू जास्त धरून राहतो तो उशिरा बाहेर पडतो. पण सगळ्या वायूंना पुरेल असा एकच कॉलम सहसा नसतो. सच्छिद्र पॉलिमरचा कॉलम कार्बन डायऑक्साइड वेगळा काढतो, मात्र ऑक्सिजन आणि नायट्रोजन एकत्रच सोडतो. मॉलिक्युलर सीव्हचा कॉलम हे दोन वेगळे करतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइड किंवा बाष्प शिरले की तिथेच अडकून बसते.

व्हॉल्व्हचे काम

ठिबक संचात आपण एका प्लॉटचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्याचा उघडतो, तसेच इथे होते. नमुना आधी पॉलिमर कॉलममध्ये जातो. हवा आणि मिथेन पुढे निसटून सीव्हमध्ये पोहोचले की व्हॉल्व्ह फिरतो, सीव्ह बाजूला पडतो आणि मागून येणारा कार्बन डायऑक्साइड थेट शोधकाकडे जातो. नंतर सीव्ह पुन्हा जोडून ऑक्सिजन, नायट्रोजन आणि मिथेन मोजतात.

बाष्प सर्वांत मागे, सुरुवातीच्या छोट्या कॉलममध्येच रेंगाळते. दुसरा व्हॉल्व्ह तिथला प्रवाह उलटा करतो आणि बाष्प आल्या वाटेने बाहेर जाते. सँड फिल्टरचे बॅकवॉश करतो, तीच युक्ती.

सगळी मदार व्हॉल्व्ह फिरण्याच्या वेळेवर आहे. उशीर झाला तर काही कार्बन डायऑक्साइड सीव्हमध्ये अडकतो आणि मोजलाच जात नाही. समजा, खरे प्रमाण मिथेन ५८, कार्बन डायऑक्साइड ४० आणि इतर २ टक्के आहे. त्यातले ४ टक्के हरवले, तर बेरीज ९६ येते. प्रयोगशाळेने ती १०० धरून हिशेब केला की मिथेन ६०.४ टक्के दिसतो. गॅस तोच, आकडा मात्र वाढलेला! म्हणून मूळ बेरीज किती आली होती आणि प्रमाणित गॅस मिश्रणावर यंत्र कधी तपासले, हे जरूर विचारावे. चांगली प्रयोगशाळा याचा राग मानत नाही.

नमुन्यात हवा शिरली का?

हवेत नायट्रोजन ७८ आणि ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे सुमारे ३.७ पट. अहवालात नायट्रोजन ७.४ आणि ऑक्सिजन २ टक्के असेल, तर बहुधा नमुना घेताना हवा मिसळली आहे. अशा वेळी मिथेन ५४ टक्के दिसला, तरी हवा वगळून तो सुमारे ५९.६ भरतो. संयंत्राला दोष देण्याआधी नमुना पुन्हा घ्यावा.

त्यासाठी आधी पाइपमधील साचलेले पाणी काढावे. जवळपास आग नाही याची खात्री करून थोडा गॅस उघड्यावर सोडावा, पिशवी एकदा भरून रिकामी करावी आणि मग नमुना घ्यावा. हायड्रोजन सल्फाइड पिशवीत ठेवल्यावर कमी होत जातो. त्याचे मोजमाप संयंत्रावरच शोधक नळीने करून घ्यावे. हा वायू विषारी असल्याने तोंड पाइपजवळ नेऊ नये.