इंग्रजी सामासिक विशेषणांचे अवयव

‘हॉटहेडेड’ म्हणजे तापट डोक्याचा. अमेरिकन छपाईंत हा शब्द सलग छापतात, आणि तो मोठ्यानें वाचतांना हुशार विद्यार्थीही अडखळतो. टी आणि एच हीं अक्षरें शेजारीं दिसतांच तो सवयीनें ‘थ’ उच्चारतो, आणि इंग्रजी जाणणाऱ्यालाही न कळणारा ‘होथेडेड’ असा शब्द ऐकूं येतो. ही चूक विग्रहाची आहे. संस्कृत समास सोडविण्याची संवय असलेल्या वाचकाला ती सहज टाळतां येईल.

इंग्रजींत ज्याला सिलॅबल म्हणतात तो अवयव म्हणजे एका आघातांत उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. तो लिहिलेलीं अक्षरें मोजून सांपडत नाहीं. कानाला ऐकूं येणारे स्वर मोजावे लागतात. सामासिक विशेषणांत आधीं सांधा शोधावा आणि मग प्रत्येक पद स्वतंत्रपणें तोडावें. ‘हॉट’ आणि ‘हेडेड’ हीं पदें वेगळीं झालीं, कीं टी पहिल्याकडे राहतो, एच दुसऱ्याकडे जातो, आणि हॉट्-हेड्-इड् असे तीन अवयव मिळतात. ‘लाइटहार्टेड’, म्हणजे निश्चिंत मनाचा, याचेही तसेच: लाइट्-हार्ट्-इड्.

शेवटचा ‘ईडी’ हा प्रत्यय मात्र फसवा आहे. सामान्यतः त्याच्या आधीं ट किंवा ड हा ध्वनि असला, तरच त्याचा निराळा अवयव होतो. म्हणून ‘ॲब्सेंट-माइंडेड’चे अवयव चार, पण ‘ओल्ड-फॅशन्ड’चे तीनच, तेथें ‘फॅशनेड’ असा उच्चार नाहीं. कांहीं अपवादही आहेत. वृद्ध या अर्थाचें विशेषण एकटें आलें, तर तें ‘एजिड’ असें दोन अवयवांचें. ‘मिडल-एज्ड’, म्हणजे मध्यमवयीन, या समासांत मात्र तेंच पद एका अवयवाचें होतें. त्यांतील ‘मिडल’चा दुसरा अवयव तर स्वरावांचूनच उभा आहे, तेथें ल् हाच स्वराचें काम करतो. संस्कृतांतील ऌकार ज्यांना परिचित आहे, त्यांना याचें नवल वाटूं नये.

छापखान्याचा नियमही याच विचाराला धरून आहे. संयोगचिन्ह असलेला शब्द ओळीच्या शेवटीं तोडावयाचा झाला, तर तो त्या चिन्हापाशींच तोडावा. दुसरी आडवी रेघ आली, कीं खरा सांधा कोणता हें वाचकाला कळेनासें होतें. चिन्ह नसेल, तेथेंही पदांच्या सांध्यावरच तोडणें उत्तम. ‘शॉर्टसाइटेड’मधील एस चुकून वरच्या ओळींत राहिला, तर वाचकापुढें आंखूड दृष्टीच्या माणसाऐवजीं आंखूड विजार उभी राहील!