एका शिलिंगाची पुण्याई

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. ती कृतज्ञता यथार्थच होती. परंतु त्या मुक्तीच्या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे आणि तिची चर्चा मराठीत क्वचितच होते. ज्यांना मुक्ती मिळाली त्यांनी हात पसरून तिची वाट पाहिली नाही. त्यांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी काढली, हिशेब ठेवले आणि संस्था उभारल्या. या साऱ्या उद्योगाचे केंद्र होते त्यांचे चर्च.

त्याचा आरंभ फिलाडेल्फियात झाला. रिचर्ड अ‍ॅलन यांनी श्रमाच्या कमाईतून धन्याला पैसे मोजून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. अ‍ॅब्सलम जोन्स यांनी स्वतःच्या आधी पत्नीची सुटका विकत घेतली होती. या दोघांनी १७८७ मध्ये ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली. प्रत्येक सभासदाने दरमहा एक शिलिंग द्यावा आणि वर्षभर वर्गणी भरलेल्या सभासदावर आपत्ती आल्यास त्याला दर आठवड्यास तीन शिलिंग नऊ पेन्स मिळावेत, असा तिचा नियम होता. मात्र ती आपत्ती त्याच्या स्वतःच्या बेफिकिरीने ओढवलेली नसावी, अशी अट होती. सभासदांच्या विधवांना साहाय्य आणि पोरक्या मुलांचे शिक्षण यांचीही तरतूद होती. येथे देणारा आणि घेणारा असे दोन वर्ग नव्हते. आज जो देतो तोच उद्या घेणारा असू शकतो, हे गृहीत धरूनच तो नियम केलेला होता. म्हणून त्या साहाय्यात उपकाराचा लवलेश नव्हता.

स्वतःचे घर असण्याचे मोल या समाजाला एका कटू प्रसंगाने कळले. सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये सज्जा बांधण्यासाठी आणि नवी जमीन घालण्यासाठी कृष्णवर्णीय भाविकांनी सढळ हाताने वर्गणी दिली होती. काम पुरे झाल्यावर, ऐन प्रार्थनेच्या वेळी, गुडघे टेकून बसलेल्या जोन्स यांना ‘ही जागा तुमची नव्हे’ या कारणास्तव ओढून उठविण्यात आले. सारे एकजुटीने बाहेर पडले. दुसऱ्याच्या वास्तूत कितीही पैसा ओतला तरी तेथे हक्क निर्माण होत नाही, हा धडा त्यांनी घेतला. १७९४ मध्ये अ‍ॅलन यांचे ‘बेथेल’ चर्च उभे राहिले आणि १८१६ मध्ये त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ निर्माण झाला.

मधल्या काळात, १७९३ साली, फिलाडेल्फियात पीतज्वराची भीषण साथ आली. ज्याला शक्य झाले तो शहर सोडून गेला. अशा वेळी या समाजाने रुग्णशुश्रूषा आणि प्रेतसंस्कार यांचा भार उचलला. साथ ओसरताच मॅथ्यू केरी या प्रकाशकाने त्यांच्यापैकी काहींवर लुबाडणुकीचा आरोप केला. अ‍ॅलन आणि जोन्स यांनी १७९४ मध्ये पुस्तिका छापून उत्तर दिले, आणि त्यात जमाखर्चच मांडला. मिळालेली रक्कम २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. शवपेट्या आणि मजुरी यांवरील खर्च ४११ पौंड. म्हणजे पावणेदोनशे पौंडांहून अधिक पदरमोड! संतापापेक्षा हिशेबाची वही अधिक बोलकी असते, हे त्यांनी दाखवून दिले.

ही सवय पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. १८६३ मध्ये याच पंथाने बिशप डॅनिएल पेन यांच्या पुढाकाराने विल्बरफोर्स विद्यापीठ विकत घेतले. अटलांटात १८८१ मध्ये मुलींची जी शाळा एका कृष्णवर्णीय बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात भरली, तीच पुढे स्पेलमन कॉलेज झाली. याउलट, मुक्त झालेल्या गुलामांसाठी स्थापन झालेली ‘फ्रीडमन्स बँक’ १८७४ मध्ये बुडाली आणि साठ हजारांहून अधिक ठेवीदारांच्या कष्टाच्या बचतीवर पाणी फिरले. तिचा कारभार मुख्यतः इतरांच्या हाती होता. रिचमंडमध्ये धुणे धुणाऱ्या बाईची मुलगी मॅगी वॉकर हिने १९०३ मध्ये आपल्या समाजाची ‘पेनी सेव्हिंग्ज बँक’ काढली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर विशेष उठून दिसते.

या परंपरेची खरी कसोटी मॉन्टगोमेरीत लागली. ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस कृष्णवर्णीयांनी शहराच्या बसगाड्यांवर बहिष्कार घातला. लोकांना कामावर पोहोचविण्यासाठी चर्चच्या नावावर मोटारी घेण्यात आल्या. त्यांचा विमा रद्द होताच लंडनहून नवा विमा मिळविण्यात आला. जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण आणि तिच्या सोबतिणी घरी पदार्थ करून विकत आणि ते पैसे चर्चमधील सभेत आणून देत. पैसे कोठून आले, असे विचारल्यास ‘कोठूनही नाही’ असे उत्तर असे. तेच त्यांच्या मंडळाचे नाव पडले. नाव उघड झाले असते तर देणाऱ्याची नोकरी गेली असती. गुप्तदानाचे पुण्य येथे आत्मसंरक्षणाचे साधनही झाले होते.

या परंपरेला उणिवाही होत्या. पैसा जमविण्यात स्त्रिया सदैव अग्रभागी राहिल्या, पण अ‍ॅलन यांच्या पंथाला पहिली स्त्री बिशप मिळण्यास २००० साल उजाडावे लागले. शिवाय, ज्यांनी कर भरला त्यांनाच शाळा आणि बँका पुन्हा स्वतःच्या वर्गणीतून उभाराव्या लागल्या, ही त्या राज्यसंस्थेची नामुष्कीच म्हटली पाहिजे. स्वावलंबनाचे कौतुक करताना अन्यायावर पांघरूण पडता कामा नये.

तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. बाहेरून आलेली मदत तिचा दाता हवी तेव्हा थांबवू शकतो. समाजाने स्वतःच जमविलेला निधी त्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ देतो. मॉन्टगोमेरीतील माणसे वर्षाहून अधिक काळ पायी चालू शकली, यामागे १७८७ मधील त्या एका शिलिंगाची पुण्याई होती.