छातीतील पणती

कर्नाटकातील हासन या गावी १९४८ साली बानू मुश्ताक यांचा जन्म झाला. घरची भाषा दखनी उर्दू. आठव्या वर्षी त्यांना शिवमोग्याच्या कन्नड शाळेत घातले, ते एका अटीवर : सहा महिन्यांत कन्नड लिहितावाचता आले पाहिजे. आठव्या वर्षी नवी लिपी आत्मसात करणे काही सोपे नव्हे! परंतु ही मुलगी थोड्याच दिवसांत कन्नड लिहू लागली. पुढे त्यांनी आपल्या कथा लिहिल्या त्या याच भाषेत.

बानू मुश्ताक यांनी प्रथम 'लंकेश पत्रिके' या साप्ताहिकात वार्ताहराचे काम केले व नंतर वकिली केली. दोन्ही व्यवसायांत दुसऱ्याचे गाऱ्हाणे शांतपणे ऐकून घ्यावे लागते. त्यांच्या कथांतील आया, मुली, आज्या याच ऐकण्यातून आल्या असाव्यात. 'स्वर्गाची चव' अशा अर्थाच्या त्यांच्या एका कथेत एका वृद्ध दादीचे जिवापाड जपलेले नमाजाचे आसन घरातील मुलाच्या हातून खराब होते. दादी खचते. तेव्हा घरातील मुले बाटलीतील साधे थंड पेय 'हे स्वर्गातील पेय' म्हणून तिच्यापुढे धरतात. वाचताना हसू येते आणि लगेच डोळेही पाणावतात.

स्त्रियांनाही मशिदीत जाण्याचा अधिकार आहे, हे मत त्यांनी उघडपणे मांडले. त्यामुळे २००० साली तीन महिने त्यांच्या कुटुंबावर बहिष्कार घालण्यात आला, धमक्याही आल्या. तरी त्यांची लेखणी थांबली नाही.

१९९० ते २०२३ या काळातील त्यांच्या बारा कथांचा दीपा भस्ती यांनी इंग्रजीत अनुवाद केला. 'हार्ट लॅम्प' हे त्या संग्रहाचे नाव त्यातील एका कथेवरून पडले. कन्नडात ती 'एदेय हणते'. एदे म्हणजे छाती आणि हणते म्हणजे आपली पणती! कन्नड, उर्दू शब्दांना तळटिपांचे टेकू द्यावयाचे नाहीत, असे भस्ती यांनी ठरविले. वाचकाने थोडे कष्ट घ्यावेत, ही त्यांची अपेक्षा मला योग्यच वाटते.

मे २०२५ मध्ये लंडन येथे या पुस्तकाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कन्नड पुस्तकाला हा मान प्रथमच लाभला आणि कथासंग्रहालाही प्रथमच. पुरस्काराचे ५०,००० पौंड लेखिका व अनुवादिका यांना समसमान वाटून देण्यात आले.