व्यूहनीतीचे ऐतिहासिक खेळ आणि समाजस्थिती : चाकण-पिंपरीच्या उदाहरणाने एक विवेचन

'ग्रँड स्ट्रॅटेजी' या नावाने रूढ झालेल्या संगणकीय खेळांत खेळाडूच्या हाती एखादा सैनिक किंवा सरदार नसतो, सबंध राज्य असते. खजिना, सैन्य, तह आणि व्यापार यांची जुळणी करीत काही शतकांचा कारभार त्याला चालवावयाचा असतो. अशा खेळात सामान्य प्रजेची स्थिती बहुधा पार्श्वभूमी म्हणूनच राहते. ती निकालावर परिणाम करील अशी योजना कशी करावी, हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. ऐतिहासिक घटनांची कारणे कोठे शोधावीत, हा जुनाच प्रश्न येथे नव्या वेषात उभा राहतो. चाकण आणि पिंपरी-चिंचवड या पट्ट्याचा इतिहास समोर ठेवल्यास त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

इ. स. १६६० मध्ये शायिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे दोन महिने लढविला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाल्यावर किल्ला पडला. हा प्रसंग असे खेळ उत्तम रीतीने वठवितात. १४४४ ते १८२१ हा कालखंड घेणाऱ्या 'युरोपा युनिव्हर्सालिस' मालेतील चौथ्या खेळात (२०१३) प्रांताचे मोल मुख्यतः तीन अंकांत सांगितले जाते : कर, उत्पादन आणि मनुष्यबळ. किल्ल्याची बळकटी, शिबंदी आणि तोफा यांचा हिशेब होतो व फाशांच्या न्यायाने वेढ्याचा निर्णय लागतो. परंतु वेढ्याच्या काळात भोवतालच्या गावांतील पेरणी झाली किंवा नाही, कोणती कुटुंबे परागंदा झाली, याला तेथे स्वतंत्र स्थान नाही. मुलखाची नासधूस एका टक्केवारीत मावते आणि काळ लोटला की ती आपोआप भरून येते.

हीच पद्धत विसाव्या शतकातील या परिसराला लावून पाहावी. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे वाहनांचे व यंत्रांचे मोठे कारखाने आले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १० लक्ष १२ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १७ लक्ष २८ हजार झाली. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण त्याच काळात वाहन-उद्योगाचे केंद्र बनले. प्रांताच्या तीन अंकांत पाहिले तर ही केवळ वाढीची कथा ठरते. त्या वाढीत कोणाचे काय झाले, हे त्या अंकांतून उमगत नाही.

या उणिवेवर 'व्हिक्टोरिया' या खेळमालेने एक उपाय योजला आहे. तिचे तीन खेळ २००३, २०१० व २०२२ या वर्षी निघाले. येथे लोकसंख्या हा एकच आकडा नसून व्यवसाय, संस्कृती व धर्म यांनुसार तिचे गट पाडलेले असतात. दुसऱ्या खेळात प्रत्येक गटाच्या गरजा जीवनावश्यक, नित्याच्या आणि चैनीच्या अशा तीन पायऱ्यांनी मोजल्या जातात. त्या न भागल्यास असंतोष वाढतो. तिसऱ्या खेळात राहणीमान खालावले की विरोधक वाढतात आणि सुधारले की राज्यनिष्ठ वाढतात. म्हणजे लोक केवळ दारिद्र्याने नव्हे, तर घसरणीने बिथरतात, हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे. तसेच दुसऱ्या खेळात गटाची गणना प्रौढ पुरुषांचीच होई. तिसऱ्यात कमावते आणि अवलंबित असा भेद केला असून, स्त्रियांच्या हक्कांविषयीचे कायदे बदलले की कमावत्यांचे प्रमाण बदलते. समाजस्थिती येथे शोभेची राहत नाही. ती राज्याच्या बळाचे मूळ बनते.

तथापि ही योजनाही तीन ठिकाणी अपुरी पडते. पहिले स्थान जमिनीचे. कारखान्यासाठी जमीन दिलेल्या शेतकऱ्याच्या हाती एकरकमी पैसा येतो आणि राहणीमानाचा अंक वर चढतो. पण पुढील पिढीचे उपजीविकेचे साधन त्याच क्षणी नाहीसे होते. संपत्ती आणि साधन यांची नोंद वेगवेगळी ठेवल्याखेरीज हा बदल दिसणार नाही.

दुसरे स्थान प्रतिष्ठेचे. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोच्या कामगारांनी राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषण आरंभिले आणि पोलिसांनी त्यांना तेथून हलविले. हे कामगार परिसरातील चांगले वेतन मिळविणाऱ्यांपैकी होते. कलहाच्या मुळाशी वेतनाइतकाच, कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न होता. केवळ गरजा मोजणाऱ्या खेळाला या संघर्षाचा अंदाज आला नसता.

तिसरे स्थान सरासरीचे. एकाच छपराखाली, एकाच यंत्राशेजारी कायम कामगार आणि कंत्राटी कामगार उभे असतात. खेळात दोघेही एकाच व्यवसायगटात पडतील आणि त्यांचे राहणीमान एकाच सरासरीत मिसळेल. वास्तविक हा भेद एवढा मूलगामी आहे, की त्यासाठी १९७० साली देशाला स्वतंत्र कायदा करावा लागला. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली (तिचे भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले), तिच्यात कुटुंब हा अभ्यासाचा घटक मानला होता. घराच्या उंबरठ्यापर्यंत गेल्याशिवाय सरासरीमागचा माणूस सापडत नाही, हा त्या पद्धतीचा धडा खेळ रचणाऱ्यांनाही उपयोगी पडावा.

याहून महत्त्वाचा मुद्दा परिणामाच्या स्वरूपाचा आहे. बहुतेक खेळांत प्रजेचे दुःख बंडाच्या रूपानेच राज्यकर्त्याला जाणवते. बंड झाले नाही तर दुःख नव्हतेच, असा त्याचा अर्थ होतो. २०२० च्या टाळेबंदीत या औद्योगिक पट्ट्यातील परप्रांतीय मजुरांनी बंड केले नाही. भाड्याच्या खोल्या सोडून ते आपापल्या गावी निघून गेले. यांतील अनेकांची नावे येथील मतदारयादीत नसल्याने मतपेटीतूनही त्यांचा रोष दिसण्याचा संभव नव्हता. परंतु कारखाने पुन्हा सुरू होऊ लागले तेव्हा माणसांची वाण पडली. मूकपणे निघून जाणे ही देखील एक ऐतिहासिक शक्ती आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

सारांश, समाजस्थितीला खेळात खरे वजन द्यावयाचे असेल तर चार गोष्टी आवश्यक ठरतात : लोकसंख्येची गणना गटांहून सूक्ष्म अशा कुटुंबांच्या पातळीवर व्हावी, मिळकतीबरोबर साधनांचा आणि प्रतिष्ठेचाही हिशेब व्हावा, घसरणीची स्मृती टिकावी, आणि बंडाखेरीज स्थलांतर, आजारपण, शिक्षणात पडलेला खंड यांचीही किंमत राज्याला मोजावी लागावी. संग्रामदुर्गाचा बुरूज कोसळलेला सर्वांना दिसला. भाड्याच्या खोलीला लागलेले कुलूप दिसण्यास निराळी दृष्टी लागते, आणि ती दृष्टी खेळाच्या नियमांतच असावी लागते.