सापडण्याआधी घडविलेली कळ

कोणते जनुक केव्हा व्यक्त व्हावे आणि कोणते स्तब्ध राहावे, हे ठरविण्याचा अखत्यार मुख्यत्वे प्रथिनांकडे असतो आणि आरएनए हा डीएनएच्या दप्तरातील नक्कल रायबोसोमपर्यंत पोचविणारा केवळ जासूद होय, अशी धारणा दीर्घकाळ रूढ होती. वस्तुतः एकेरी धाग्याचा हा रेणू स्वतःवरच दुमडतो, त्यातील अॅडेनिन युरॅसिलशी व ग्वानिन सायटोसिनशी जुळून वळसे आणि पोकळ्या निर्माण होतात, आणि एखाद्या पोकळीत विशिष्ट रेणूच तेवढा नेमका बसतो.

या गुणाचा लाभ घेण्याची युक्ती १९९० साली कोलोरॅडोत लॅरी गोल्ड व क्रेग ट्युर्क यांनी आणि बॉस्टनमध्ये जॅक शोस्टाक व अँड्र्यू एलिंग्टन यांनी स्वतंत्रपणे योजिली: यदृच्छया रचलेल्या असंख्य आरएनएंच्या मिश्रणातून इष्ट रेणूला चिकटणारे तेवढे वेचावयाचे, त्यांच्या प्रती वाढवावयाच्या आणि पुन्हा वेचावयाचे. अशा निवडीतून १९९४ मध्ये दम्यावरील थिओफायलीन या औषधाला ओळखणारा आरएनए हाती आला. चहा-कॉफीतील कॅफीन आणि थिओफायलीन यांत अंतर केवळ एका मिथाइल गटाचे. तरीही हा आरएनए थिओफायलीनला कॅफीनपेक्षा सुमारे १०,००० पट अधिक घट्ट धरतो! कोणाही रसायनज्ञाने नतमस्तक व्हावे, अशी ही पारख आहे.

१९९८ साली जेफ वेर्स्टक व मायकेल ग्रीन यांनी असाच, एका रंजकद्रव्याला धरणारा आरएनए जनुकाच्या संदेशाच्या आरंभी जोडला आणि ते द्रव्य देताच सस्तन प्राण्याच्या जिवंत पेशीत त्या संदेशावरून होणारी प्रथिननिर्मिती रोखली गेली. निसर्गानेही हीच योजना केलेली आहे, हे मात्र त्यानंतर, २००२ मध्ये, उघड झाले: जीवाणूंचे काही संदेश थायमिन किंवा बी-१२ जीवनसत्त्वाचा रेणू स्वतःच पकडून, कोणत्याही प्रथिनाच्या मध्यस्थीवाचून, आपली घडी बदलतात, असे येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले. मनुष्याने आधी रचावे आणि त्याचे प्राचीन प्रतिरूप सृष्टीत मागाहून आढळावे, असा क्रम जीवशास्त्रात विरळाच, आणि म्हणूनच मला तो विशेष मोलाचा वाटतो.

पुढे २०१४ मध्ये हार्वर्डच्या व्हीस संस्थेत अलेक्झांडर ग्रीन, जेम्स कॉलिन्स व पेंग यिन यांनी संदेशाचा आरंभबिंदूच दुमडीत लपविला. ठरलेल्या क्रमाचा दुसरा आरएनए येऊन बाहेर राहिलेल्या टोकाला जुळला, की ती दुमड उकलते आणि रायबोसोमला वाट मोकळी होते. २०१६ मध्ये आरएनएच्या अशाच कळा कागदावर सुकवून त्यांच्याकरवी झिका विषाणू ओळखण्यात आला.

परंतु जीवाणूसाठी रचलेली ही कळ प्राण्याच्या पेशीत जशीच्या तशी चालत नाही. कारण तेथे रायबोसोम बहुधा संदेशाच्या टोकापासून वाचीत येतो, मधल्या खुणेवर थेट उतरत नाही. तेव्हा कॉलिन्स यांच्या गटाने २०२१ मध्ये विषाणूंकडूनच तोड घेतली: काही विषाणूंच्या आरएनएमध्ये रायबोसोमला मध्येच उतरवून घेणारा जो भाग असतो, त्यालाच त्यांनी कुलूप बसविले आणि त्याची किल्ली दुसऱ्या आरएनएच्या स्वाधीन केली.