जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये डिझेलचा वास? आधी वेळ ओळखा, मग पाना उचला

बेळगाव : पहाटे भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या गाड्यांत जुन्या डिझेल पिकअपही असतात. केबिनमध्ये वास येऊ लागला की चालक काच खाली करतो, डॅशबोर्डवर सेंटची बाटली ठेवतो आणि गाडी पुढे काढतो. वास दबतो, गळती तशीच राहते.

वास कधी येतो हे लक्षात ठेवले, तर निम्मे काम होते.

कायम वास असेल, तर आधी सीटमागचा कॅन आणि पायाखालचे मॅट पाहावे. डिझेल पटकन उडून जात नाही. बुटाला लागून आलेले डिझेलही कित्येक दिवस वास देते.

टाकी फुल केल्यावर वास येतो आणि डिझेल खाली गेले की थांबतो? मग दोष टाकीच्या वरच्या अंगाला. डिझेल भरायच्या नळीचा रबरी पाइप, त्याची क्लिप, झाकणाचे वायसर आणि फ्लोटचे पॅकिंग तपासावे.

इंजिन तापल्यावर किंवा चढणीला वास वाढत असेल, तर बॉनेट उघडावे. इंजेक्टरवरचे बारीक रिटर्न पाइप, डिझेल फिल्टर आणि हातपंप इथे शोध घ्यावा. रबर कडक होऊन तडकते. डिझेल गरम इंजिनवर झिरपते आणि वास ब्लोअरमधून आत येतो. सकाळी गाडी स्टार्ट व्हायला वेळ लागत असेल, तर कुठल्या तरी पाइपातून हवा ओढली जात असण्याची शक्यता असते.

इंजिन थंड असताना सगळे जोड पुसून कोरडे करावेत. दहा मिनिटे इंजिन चालवून बंद करावे आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. कागद ओला झाला, ती जागा सापडली. कॉमन रेल इंजिन चालू असताना मात्र पाइपावर हात फिरवू नये. त्यातला दाब हजार बारच्या वर जातो. बारीक फवारा कातडीत घुसतो.

गाडी पेट्रोलची असेल, तर वास येताच इंजिन बंद करून मोकळ्यावर थांबावे. काडी, लायटर, बिडी लांब ठेवावी.

वास डिझेलचा नसून धुराचा असेल, तर सायलेन्सरचे जोड पाहावेत. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणे जिवावर बेतू शकते.

पाइप बदलताना गळका तेवढाच बदलू नये. बाकीचेही त्याच वयाचे असतात.