सनई-सूर

मंगलप्रसंगी व देवालयांत जोडीने वाजविण्यात येणारी दोन सुषिर वाद्ये. पहिल्यावर राग वा धून वाजते; दुसरे केवळ षड्ज अखंड धरून ठेवते. या दुसऱ्या वाद्यास ‘सूर’ व गोव्यात ‘सूर्त’ म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या शिरूर व दौंड तालुक्यांत रांजणगावचा महागणपती, कुरकुंभची फिरंगाई यांसारखी देवस्थाने, गावोगावच्या यात्रा आणि लग्ने हे अशा वादनाचे परंपरागत आश्रय होत. साथीला चौघडा किंवा संबळ असतो. मातंग, होलार, घडशी इ. समाजांत ही कला पिढीजात चालत आली.

दोन्ही वाद्यांची नळी लाकडी, खाली रुंदावत जाणारी असून तिच्या टोकास पितळी कर्णा असतो. मुखाशी दुहेरी पात्याची जिव्हाळी बसवितात. फुंकरीने तिची पाती थरथरून नाद उमटतो. सनईला बोटांसाठी सात-आठ छिद्रे असतात व ती अर्धवट झाकून मींड काढता येते. सुरावर बोटे फिरत नाहीत. त्याला छिद्रे असलीच, तर मेणाने बुजवून स्वर मिळवितात.

वरवर हे काम सोपे भासते. प्रत्यक्षात सूर तुटू न देण्यासाठी गालांत साठविलेली हवा सोडत असतानाच नाकाने श्वास घ्यावा लागतो. इटलीतील डोंगराळ प्रदेशात नाताळात चारामेल्ला या सनईसदृश वाद्यास झांपोन्या या पिशवीवाद्याची साथ असते. तेथे पिशवी जे करते, ते येथे गालांना करावे लागते. शिवाय जिव्हाळी ओलसर झाली की स्वर किंचित हलतो. कसलेला सूरधारी ओठांचा दाब बदलून सनईच्या बरोबर राहतो. हे विजेच्या सूरपेटीस साधत नाही.

तरीही सूरपेटी स्वस्त पडते, एका माणसाची बिदागी वाचते. परंतु घरातील धाकटा मुलगा वा शिष्य प्रथम सूरच धरीत असे. वर्षानुवर्षे वडीलधाऱ्यांशेजारी बसून तो राग, ताल व प्रसंगोचित धुना कानांनी शिकत असे. सूरधाऱ्याची जागा गेल्याने शिकणाऱ्याची ही बैठकही गेली. दक्षिणेत नागस्वरमच्या साथीचे ‘ओत्तू’ हे वाद्यही असेच मागे पडून तेथे श्रुतिपेटी आली आहे.